सजीवांची लक्षणे : पाठांतर नको, पारख हवी

हालचाल, पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, चेतनाक्षमता आणि प्रजनन. सजीवांची ही सात लक्षणे आपल्या शाळेतील मुले घडाघडा म्हणून दाखवतात. परीक्षेत त्याचे पूर्ण गुणही मिळतात. परंतु आम्हा विज्ञान शिक्षकांचे स्पष्ट मत आहे, की ही यादी म्हणजे एक कसोटी आहे आणि मुलांनी ती वापरून पाहिली पाहिजे.

वापरून पाहिली की गंमत कळते. देवघरातील समईची ज्योत तेल 'खाते', हवेवाचून विझते, काजळी सोडते आणि एका वातीवरून दुसरी वात पेटते. तरीही ती सजीव नाही, कारण तिला पेशी नाहीत. खडीसाखरेचा खडा पाकात वाढतो, पण बाहेरून थर चढून. रोपटे वाढते ते आतून, पेशींचे विभाजन होऊन. आपल्या विश्वामित्रीच्या काठावर मगर तासन्‌तास ओंडक्यासारखी पडून असते आणि नदीचे पाणी मात्र वाहत असते. केवळ हालचालीवरून निर्णय द्यायचा, तर नदी सजीव आणि मगर निर्जीव ठरेल! खेचराला सहसा पिल्ले होत नाहीत, म्हणून त्याला कोणी निर्जीव म्हणत नाही. तात्पर्य, एकाच लक्षणावर भागत नाही. सर्वांचा मिळून विचार करावा लागतो.

काही ठिकाणी तर विचार करूनही पेच सुटत नाही. 2020 साली ज्याच्यामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तो कोरोना विषाणू पेशीबाहेर असताना खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. पेशीत शिरला की मात्र तिच्याकडून स्वतःच्या असंख्य प्रती तयार करवून घेतो. त्याला सजीव म्हणावे की नाही, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. हे मुलांना सांगितलेच पाहिजे. विज्ञानातील सगळी उत्तरे छापून तयार असतात, असा समज घेऊन मुले शाळेबाहेर पडली, तर ते नुकसान गुणपत्रिकेत दिसणार नाही.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रम मोठा आणि तासिका थोड्या. अडचण खरी आहे. पण या कामाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. पालकांनी मूठभर मूग चांगले भाजून द्यावेत, मूठभर तसेच द्यावेत. मुलांनी दोन्ही रात्रभर भिजवून वेगवेगळ्या फडक्यांत बांधावेत. फुगतील दोन्ही, पण मोड येतील ते न भाजलेल्यांनाच. फुगणे वेगळे आणि वाढणे वेगळे, हे मूल त्या दिवशी शिकेल ते विसरणार नाही. कोमट दुधात लावलेले विरजण लागते, कढत दुधात का लागत नाही, हेही मुलांना शोधू द्यावे.

विश्वस्त मंडळाकडे आमचे मागणे एवढेच : महिन्यातून एक जोडतासिका, काही भिंगे आणि आवारातील एक कोपरा.

विद्यार्थी मित्रांनो, यादी तुम्हाला येतेच. आता भिंतीवरचे शेवाळ, वाळलेले बी, गळून पडलेले पान यांपैकी एक निवडा आणि ते सजीव की निर्जीव, हे कारणांसह लिहून आणा. उत्तर चुकले तरी चालेल, कारणे मात्र तुमची स्वतःची हवीत.