मधला नऊ

लाल शाईच्या खुणेने मुलाचे गणित सुधारते, असे आम्ही अनेक वर्षे मानीत आलो. हातच्याची वजाबाकी हा तर प्राथमिक वर्गातील हमखास रडविणारा धडा. ज्यांची ती चुके, त्यांना आम्ही आणखी दहा उदाहरणे घालीत असू. आणि ती मुले दहाही चुकवून आणीत.

गेल्या वर्षी तिसरीच्या फळ्यावर आम्ही तीन अंक लिहिले : ३, ५, २. यांची सर्वांत मोठी संख्या करा, सर्वांत लहान करा आणि मोठीतून लहान वजा करा. ५३२ वजा २३५, बाकी २९७. या बाकीच्या अंकांवर पुन्हा तीच क्रिया : ९७२ वजा २७९, बाकी ६९३. पुढे ५९४, त्यापुढे ४९५. आणि ४९५ वर क्रिया केली, तरी पुन्हा ४९५च!

मग प्रत्येकाने आपापले तीन अंक निवडले. तिन्ही सारखे नसावेत, एवढीच अट. बाकी ९९ आली तर ती ०९९ अशी लिहावयाची. फार तर सहा वजाबाक्यांत प्रत्येकाला ४९५ भेटतेच.

एक मुलगी मात्र ९७२ वजा २७९ करताना ७०७ वर अडली. दोनातून नऊ जाईनात, म्हणून तिने नवातून दोन वजा केले होते. शेजारीण म्हणाली, “तुझ्या मधला नऊ कुठं गेला?” प्रत्येक बाकीत मधला अंक नऊ आणि कडेच्या दोहोंची बेरीजही नऊ, हे मुलींनी आपणच हेरले होते. हिने पाटी पुसली, पुन्हा मांडणी केली आणि ६९३ काढले. आमची लाल शाई दौतीतच राहिली.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीस शाळाशिक्षक होते. चार अंकांच्या अशाच खेळात फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखविले.

वाचक माता-पित्यांनी आज संध्याकाळी घरी हा खेळ मांडून पाहावा. मोठ्या मुलांना कारणही सांगावे : प्रत्येक बाकी ही सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९ पट असते. लहानांना मात्र काही सांगू नये. मधला नऊ त्यांचा त्यांनाच सापडू द्यावा.