मंत्र्यांची बैठक आणि आपली सावित्री



जागतिक हवामान परिषदेची बातमी आली की मोठी माणसं पान उलटतात, आणि तुम्ही तर थेट क्रिकेटच्या पानावर! पण महाड-पोलादपूरच्या मुलांनी ही बातमी जरूर वाचावी. का, ते सांगते.

२२ आणि २३ जुलै २०२१ रोजी इटलीतल्या नेपल्स शहरात ‘जी-२०’ देशांच्या पर्यावरण व ऊर्जामंत्र्यांची बैठक भरली होती. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर कशी रोखायची, कोळसा जाळणं कधी थांबवायचं, यावर खल चालला होता. कोळशावर काही एकमत झालं नाही. तो प्रश्न पुढे राष्ट्रप्रमुखांवर सोपवला गेला.

आणि त्याच वेळी आपल्याकडे? महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९० मिलिमीटर पाऊस कोसळला. सपाट अंगणात साठला असता तर जवळजवळ दोन फूट पाणी! सावित्री तिथंच उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते. महाड शहर पाण्यात बुडालं. तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई या गावांनीही हेच दुःख सोसलं होतं.

मग हे सगळं तापमानवाढीमुळेच झालं का? एकाच पावसाकडे बोट दाखवून तसं म्हणता येत नाही. महाडला पूर पूर्वीही येतच होते. पण हवा एक अंशानं तापली, की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून मुसळधार पाऊस आणखी जोराचा होऊ लागतो.

मंत्री दोन गोष्टींवर बोलतात. एक म्हणजे धूर कमी करणं. दुसरी म्हणजे ‘अनुकूलन’. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा, बरं का! पावसाळ्याआधी आपण कौलं नीट करतो, लाकडं आत घेतो, तसंच हे. धोक्याच्या उतारावरची वस्ती हलवायची, नदीतला गाळ काढायचा, इशारा वेळेत वाडीपर्यंत पोचवायचा. याला पैसा लागतो. ज्यांनी वर्षानुवर्षं जास्त धूर सोडला त्यांनी तो जास्त द्यावा, असं गरीब देश म्हणतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेनं श्रीमंत देशांना आवाहन केलं, की अनुकूलनाची मदत २०२५ पर्यंत २०१९ च्या किमान दुप्पट करा. २०२२ साली इजिप्तमधल्या परिषदेत, नुकसान सोसलेल्या देशांसाठी वेगळा निधी उभारायचं ठरलं.

पण सगळंच मंत्र्यांवर सोडून कसं चालेल? डोंगराला नवी भेग पडली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, झाडं किंवा विजेचे खांब कलले, भिंतींना तडे गेले, तर लगेच मोठ्यांना सांगा. पालकांनो, मुलानं असं काही सांगितलं तर ‘गप्प बस’ म्हणू नका. स्वतः जाऊन बघा, ग्रामपंचायतीला कळवा. आणि घर सोडायची वेळ आली तर सामानासाठी थांबू नका.

या आठवड्याचा उपक्रम : २००५ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, ते आजी-आजोबांना विचारा. गावाचा नकाशा काढून त्यावर दोन रंगांनी खुणा करा आणि तो वर्गात लावा. पुराच्या वेळी कोणत्या वाटेनं उंचावर जायचं, तेही त्यावर दाखवा. विसरू नका हं!