पन्नाशीनंतरची स्थूलता-शस्त्रक्रिया : शिराळ्यासारख्या तालुक्यातून पाहताना

जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिक समूहाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने स्थूलतेची नवी व्याख्या मांडली. केवळ वजन व उंची यांच्या गुणोत्तरावरून कोणाला रोगी ठरवू नये, कंबरेचा घेरही पाहावा आणि अतिरिक्त चरबीमुळे अवयवांचे कार्य बिघडले आहे काय हे तपासावे. तसे असल्यास ती स्थूलता हा एक आजार समजून उपचार करावेत, असा त्या अहवालाचा आशय आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये 'मौंजारो' आणि जूनमध्ये 'वेगोव्ही' ही वजन घटविणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. वर्तमानपत्रांत जाहिराती आणि चर्चा यांची रेलचेल झाली. साहजिकच, जो प्रश्न पूर्वी मुंबई-पुण्याच्या श्रीमंत वस्त्यांतला वाटे, तो आता आपल्या धर्मग्रामांतील घरांतही विचारला जात आहे : वयाच्या पंचावन्न-सत्तावन्नाव्या वर्षी वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घ्यावी काय?

हा प्रश्न सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातून पाहिला, तर त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. नागपंचमीसाठी सर्वश्रुत असलेला, वारणा-मोरणेच्या खोऱ्यातील हा भाताचा मुलूख. येथील पुष्कळ माणसे मुंबईत चाकरी करून निवृत्तीनंतर गावी परततात. शहरातील बैठ्या कामाने वाढलेले वजन, मधुमेह, दुखणारे गुडघे आणि रात्रीचे घोरणे हे सारे त्यांच्याबरोबर गावी येते. तालुक्याच्या ठिकाणी ताप, बाळंतपण, रक्तदाब यांची सोय आहे. परंतु विशेषज्ञासाठी सांगली, मिरज वा कोल्हापूर गाठावे लागते. कॅथलिक कुटुंबे या भागात तुरळक. म्हणजे आजारपणात धर्मग्रामाचा आधारही काही अंतरावरच.

सार्वजनिक जीवनातील दोन उदाहरणे बहुतेकांच्या स्मरणात आहेत. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली, भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असताना, मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्या वेळी ते चोपन्न वर्षांचे होते. त्यांनी ही गोष्ट लपविली नाही आणि पुढेही ते सार्वजनिक कामात धडाडीने वावरत राहिले. दुसरे उदाहरण श्री. अरुण जेटली यांचे. दीर्घकाळच्या मधुमेहामुळे वाढलेल्या वजनावर उपाय म्हणून सप्टेंबर २०१४ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, अर्थमंत्रिपदावर असताना त्यांच्यावर दिल्लीत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पुढे २०१८ मध्ये त्यांच्यावर मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. या साऱ्याचा संबंध पोटाच्या शस्त्रक्रियेशी जोडणे अन्यायाचे ठरेल. परंतु वीस-पंचवीस वर्षे मधुमेह अंगात मुरलेला माणूस आणि अलीकडेच मधुमेह जडलेला माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकसारखे नसतात, एवढे मात्र वैद्यकशास्त्र निश्चित सांगते. मधुमेह जितका जुना आणि इन्सुलिनची गरज जितकी अधिक, तितकी तो आटोक्यात येण्याची शक्यता कमी.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कापून काढतात व उरलेल्या भागाची केळ्यासारखी अरुंद नळी करतात. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी तयार करून ती आतड्याच्या पुढील भागास जोडतात. ही पद्धत अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये प्रथम वापरली. आज दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे होतात. पोट लहान झाले म्हणून माणूस कमी जेवतो, हे अर्धेच सत्य होय. भूक आणि तृप्ती यांचे संदेश देणारी आतड्यातील व जठरातील संप्रेरके बदलतात, हे त्याहून महत्त्वाचे. नवी इंजेक्शने यांपैकीच एका वा दोन संप्रेरकांची नक्कल करतात.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३७ ते ६० वयोगटातील सुमारे चार हजार स्थूल व्यक्ती होत्या. त्याचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की शस्त्रक्रिया केलेले लोक, न केलेल्या स्थूल लोकांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक जगले. पण सर्वसाधारण समाजाच्या तुलनेत त्यांचे आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. जाहिरातीत यातील पहिले वाक्य वाचावयास मिळते, दुसरे नाही.

वयाबाबत जागतिक संघटनांनी २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत वरची वयोमर्यादा ठेवलेली नाही. जन्मतारखेपेक्षा शरीराचा अशक्तपणा पाहावा, असे त्यांचे म्हणणे. हे योग्यच आहे. तथापि उतारवयाकडे झुकलेल्या शरीराच्या काही अडचणी असतात. वजनाबरोबर स्नायूही झिजतात आणि पन्नाशीनंतर गमावलेले स्नायू सहजासहजी परत येत नाहीत. रजोनिवृत्त स्त्रियांची हाडे आधीच ठिसूळ होऊ लागलेली असतात. लोह, कॅल्शियम, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या वा इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात व ठराविक काळाने रक्ततपासणी करावी लागते. गुडघेदुखीवर आपल्याकडे औषधाच्या दुकानातून सर्रास आणल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आतड्याच्या जोडावर व्रण निर्माण करू शकतात. त्यामुळे विशेषतः दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर त्या वर्ज्य ठरतात. ज्याने गुडघ्यांसाठीच वजन उतरविण्याचे ठरविले, त्याला ही गोष्ट आधी सांगितली जाते काय?

मग इंजेक्शने बरी, असे कोणी म्हणेल. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपेटाइडच्या सर्वाधिक मात्रेने सुमारे २१ टक्के वजन घटले. शस्त्रक्रियेने साधारणतः २५ ते ३० टक्के घटते. परंतु सेमाग्लुटाइड थांबविल्यावर एका वर्षात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश वजन परत आल्याचेही दिसून आले. दोन्ही वाटांवर निगा आयुष्यभराचीच.

आता पैशाचा भाग. आपल्याकडील शल्यविशारद बराच काळ ३७.५ बीएमआय, आणि मधुमेहादी विकार असल्यास ३२.५, ही मर्यादा मानत आले. २०२२ च्या तत्त्वांनी आशियाई लोकांसाठी ती आणखी खाली आणली. विमा नियामकाचा प्रमाणित नियम मात्र ४० बीएमआयचा आहे, अथवा हृदयरोग, झोपेतील गंभीर श्वासरोध किंवा अनियंत्रित मधुमेह यांसारखा विकार असल्यास ३५ चा. पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसाचा हिशेब मांडून पाहावा. मधुमेह असल्यास डॉक्टर ८३ किलोला शस्त्रक्रियेचा विचार करा म्हणतील. विमा कंपनी ९० किलोच्या आत दार उघडणार नाही, आणि असा गंभीर विकार नसल्यास १०२ किलोपर्यंत थांबावे लागेल. मधल्या माणसाने काही लाख रुपये पदरचे घालावयाचे. त्यातच नोकरीतील समूह विमा बहुधा निवृत्तीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा मनुष्य सत्तावन्नाव्या वर्षी घाई करतो. ही घाई समजण्यासारखी आहे. पण शस्त्रक्रिया मुंबईत नोकरीत असताना आणि नंतरची सारी वर्षे शिराळ्यात, हा बेत आखताना पुढील तपासण्या कोठे व कोणाकडे होणार, याचे उत्तर आधी मिळविलेले नसते. माझ्या मते येथेच या निर्णयाची खरी कसोटी आहे, वयात नव्हे.

कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत उपयुक्त दिशा दाखविते. निरोगी जठराचा मोठा भाग कापून टाकणे हे देवाने दिलेल्या शरीराचे विद्रूपीकरण नव्हे काय, अशी शंका काही श्रद्धावंत विचारतात. पोप बारावे पायस यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात स्पष्ट केले होते की अवयव संपूर्ण शरीरासाठी असतो, आणि संपूर्ण शरीराच्या हितासाठी त्याचा त्याग करता येतो. खऱ्या वैद्यकीय कारणास्तव केलेली शस्त्रक्रिया म्हणून नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह नाही. दुसरीकडे, ५ मे १९८० च्या श्रद्धासिद्धांत परिषदेच्या घोषणापत्राने उपचार निवडताना त्याचे स्वरूप, गुंतागुंत, धोका, खर्च आणि तो उपलब्ध होण्याची शक्यता यांची तुलना अपेक्षित फलाशी करावी, व रुग्णाची शारीरिक आणि मानसिक ताकद ध्यानात घ्यावी, असे सांगितले. हे घोषणापत्र मरणासन्न रुग्णांच्या संदर्भात आहे खरे. परंतु हा तराजू येथेही लागू पडतो. म्हणून जो ही शस्त्रक्रिया स्वीकारतो तो श्रद्धाहीन ठरत नाही आणि जो विचारपूर्वक नाकारतो तो जीवनाचा अनादर करीत नाही.

एक अडचण मात्र आपल्या मनातली आहे. खादाडपणा सात प्रमुख पापांत मोडतो, म्हणून लठ्ठ माणूस म्हणजे खादाड, असा सोपा निष्कर्ष आपण काढतो. आनुवंशिकता, थायरॉइड, मानसिक औषधे, स्टिरॉइड, पाळीत बदलत राहणारी नोकरी यांचा विचार करीत नाही. प्रभू येशूलाही त्याच्या टीकाकारांनी खादाड म्हटले होते, याची नोंद संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे. ११ फेब्रुवारीच्या जागतिक आजारी दिनी आपण कर्करोग्यांसाठी, हृदयरुग्णांसाठी प्रार्थना करतो. स्थूलतेने जर्जर झालेल्यांचा उल्लेख क्वचितच होतो. उलट 'आळस सोड, तोंडाला कुलूप घाल' हा उपदेश त्यांना भर मंडपात ऐकावा लागतो, आणि त्याच मंडपात पुढच्या क्षणी आग्रहाने ताटात दुसरा वाढा पडतो! शस्त्रक्रिया झालेल्याला एका वेळी वाटीभर अन्न पुरते. गोड पदार्थ पटकन खाल्ल्यास घाम येऊन चक्कर येऊ शकते, मद्य नेहमीपेक्षा लवकर चढते. सणासुदीला त्याला आग्रह न करणे, ही त्याच्या आप्तांनी घ्यावयाची पहिली काळजी.

उपवासाबाबतही विचारणा होते. धर्मसंहितेनुसार राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दिवशीच्या उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत असते. म्हणजे छप्पन्न वर्षांची व्यक्ती एरवी बांधील. परंतु आजारी व्यक्तीला त्यातून मोकळीक आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत डॉक्टरांचा आहार मोडून उपास करू नये. मांसवर्ज्याच्या दिवशी अंडी, दूध, मासळी चालते, तेव्हा प्रथिनांचा प्रश्न उद्भवत नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीच्या एका तासाच्या उपवासात पाणी व औषध वर्ज्य नाही. वयस्क आणि आजारी यांना तर त्या तासाचेही बंधन नाही. घोट-घोट पाणी पीत राहावे लागणाऱ्या रुग्णाने त्या कारणासाठी मिस्सा चुकविण्याचे काही कारण नाही. शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंना विचारावे.