भेकाचे विष आणि आजींची गोळी

गेल्या पावसाळ्यात ऐंशीच्या घरातील एक आजी दवाखान्यात आल्या. अन्नावरची वासना उडालेली, मळमळ, आणि दिव्याभोवती पिवळसर कडे दिसते अशी तक्रार. मोतीबिंदू वाढला असावा, असा घरच्यांचा समज. नाडी पाहिली तर मिनिटाला जेमतेम ४४. पिशवीतील गोळ्या मांडल्यावर उलगडा झाला. आठवड्यातून पाच दिवस घ्यावयाची डिगॉक्सिनची गोळी सूनबाई गावी गेल्यापासून रोज घेतली जात होती.

रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी लिहीत असताना नातवाने सहज विचारले, "डॉक्टर, भेकाच्या विषापासून केलेले हृदयाचे चिनी औषध मिळते म्हणतात. नैसर्गिक आहे, आजीला चालेल का?"

प्रश्न भाबडा होता, पण वेळेवर विचारला गेला हे आजींचे भाग्य. भेकाच्या डोळ्यांमागील ग्रंथींतून पांढरट चिकट द्रव स्रवतो. तो वाळवून चीनमध्ये 'चान सू' नावाचे औषध पूर्वापार करतात. त्यातील ब्युफालिनसारखी द्रव्ये हृदयाच्या पेशीतील सोडियम बाहेर टाकणारा पंप रोखतात. पेशीत कॅल्शियम साठते, ठोका जोरकस होतो. मात्रा थोडी वाढली की लय बिघडते. डिगॉक्सिन मिळते ते डिजिटॅलिस वनस्पतीपासून, पण तेही नेमका हाच पंप रोखते. म्हणजे नातू आजींना विषावर विषाचाच उतारा देऊ पाहत होता! (आपल्या अंगणातील पिवळ्या बिट्टीचे बीही याच कुळातले, नातवंडांना त्यापासून दूर ठेवा.)

हे नाते न्यूयॉर्कमध्ये फार महागात पडले. १९९३ ते १९९५ या काळात कामोत्तेजक म्हणून अंगाला लावण्यासाठी विकला जाणारा एक पदार्थ काही निरोगी पुरुषांनी गिळला. त्यात भेकाचे विष होते. चौघे दगावले. त्यांच्यापैकी कोणी डिगॉक्सिन घेत नसतानाही रक्ततपासणीत ते असल्याचे दिसले, इतके हे रेणू सारखे. पुढच्या रुग्णांना डिगॉक्सिनवरील प्रतिविष दिले गेले आणि ते वाचले.

कर्करोगाविषयीही पुष्कळ ऐकू येते. प्रयोगशाळेत ब्युफालिन कर्करोगाच्या पेशी मारते, हे खरे. भेकाच्या त्वचेच्या अर्काचे 'हुआचान्सू' हे इंजेक्शन चीनमध्ये वापरतात. अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या सहभागाने त्याची रीतसर चाचणीही झाली. परंतु स्वादुपिंडाच्या कर्करोगात नेहमीच्या औषधाला त्याची जोड देऊन रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. काचेच्या बशीतले यश आणि रुग्णाचे बरे होणे यांत फार मोठे अंतर असते.

घरात कोणी डिगॉक्सिन घेत असेल, तर गोळीचे वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. वयोमानाने मूत्रपिंडे मंदावतात आणि औषध शरीरात साठते. म्हणून क्रिॲटिनिन व पोटॅशियम वेळोवेळी तपासून घ्यावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम घटते, मग नेहमीची मात्राही जड जाते. भूक मंदावली, मळमळले, पिवळे दिसू लागले किंवा नाडी साठाखाली गेली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि पुढच्या भेटीला येताना घरातील सगळ्या बाटल्या पिशवीत भरून आणा, 'हे काही औषध नव्हे' असे वाटणारीसुद्धा.