सुजाता कोण, पुन्ना कोण?

नावानं काय फरक पडतो, असं आपल्यातले चार बुकं शिकलेले हल्ली फार म्हणायला लागलेत. भावांनो, फरक पडत नसता तर मनूनं नावांचा कायदा कशाला केला असता? मनुस्मृती, अध्याय दुसरा, श्लोक 31. बामणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं. आणि शूद्राचं? किळस येईल असं! शूद्राची ही गत, तर वेशीबाहेरच्यांना कोण विचारतो. म्हणून आमच्या आज्या धोंडी, दगडी, कचरी, भिकी. पोर जगावं म्हणून असं नाव ठेवायची रीत इतरांतही होती, हे खरं. पण आमच्या घरी लक्ष्मी जन्मली तरी गावानं तिला लक्षीच म्हटलं. नाव चांगलं असलं तरी ते नीट उच्चारायचं नाही, हाही मनूचाच कायदा, नुसता न लिहिलेला.

आणि मराठवाडा विद्यापीठ विसरलात काय? नामांतराचा ठराव 27 जुलै 1978 चा. बाबासाहेबांचं नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली. एका नावापायी! तेव्हा नावाची किंमत आम्हाला शिकवू नका.

25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जळाली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर आमच्या पाळण्यातली नावं बदलली. गौतमी आली, यशोधरा आली, संघमित्रा आली. आणि सुजाता तर घरोघरी आली. वस्तीत एकदा 'सुजाते' म्हणून हाक मारा, चार दारांतून 'ओ' यायची. मनूच्या त्या श्लोकाला आमच्या आयांनी दिलेलं हे उत्तर होतं. कुणाला न विचारता दिलेलं.

मी गिरणीतला माणूस, संस्कृत शिकलेलो नाही. शब्दकोश उघडून बघितला. 'सु' म्हणजे चांगलं, 'जात' म्हणजे जन्मलेलं. सुजाता म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. इथं ठेच लागते. ज्या शब्दानं आमची हाडं मोडली, तोच शब्द आमच्या पोरीच्या नावात बसलाय! मग आम्हीही चांगलं कूळ, वाईट कूळ मानायचं काय? बुद्धानं वसल सुत्तात सांगून टाकलंय की जन्मानं कुणी नीच होत नाही, जन्मानं कुणी ब्राह्मण होत नाही, माणूस ठरतो तो कर्मानं. मग आमच्या सुजाताचा अर्थ शब्दकोशातला असून चालणार नाही. तो आम्हालाच घडवावा लागेल.

नाहीतर तो दुसरे घडवतात. 1959 साली बिमल रॉयचा 'सुजाता' आला. नूतननं काम झकास केलं, वाद नाही. पण कथा काय? अस्पृश्याची अनाथ पोर वरच्या जातीच्या घरात वाढते. आई तिला लोकांपुढं 'मुलगी' म्हणत नाही, 'मुलीसारखी' म्हणते. शेवटी त्या आईला रक्त लागतं, जुळतं ते सुजाताचंच. रक्त दिल्यावर ती मुलगी होते. म्हणजे आधी रक्त द्या, मग माणसात घेऊ! असलं सुजातपण आम्हाला नको.

आता आपल्याच घरात बघू. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' पुन्हा उघडा. उरुवेलेची सुजाता ही सेनानी नावाच्या गृहस्थाची लेक. मूल व्हावं म्हणून तिनं वडाला नवस बोललेला. नवस फळला तेव्हा तिनं जागा तयार करायला आधी आपली दासी पाठवली. तिचं नाव पुन्ना. झाडाखाली बसलेला गौतम आधी पुन्नानं पाहिला. मग सुजाता आली, सोन्याच्या भांड्यातून तिनं अन्न दिलं, गौतमानं ते खाल्लं आणि देह जाळायची तपश्चर्या तिथं संपली. उपास मोडला म्हणून पाच सोबती रागावून निघून गेले. उपाशी पोटी सत्य सापडत नाही, हे त्या दिवशी ठरलं. म्हणून सुजाता मोठी आहे. कुळामुळं नाही.

पण पुन्ना कुठाय? बोधगयेजवळ नदीपलीकडं बकरौरला सुजाताच्या नावाचा स्तूप उभा आहे. बुद्धपौर्णिमेला सुजाताच्या नावानं खीर वाटतात. पुन्नाचं नाव कुणी घेत नाही. आमच्या आया रस्ते झाडतात, दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करतात. त्या सुजाता की पुन्ना? आणि पौर्णिमेची खीर चुलीपुढं बसून शिजवतं कोण? मंचावर बसून भाषण ठोकतं कोण? कार्यकर्त्यांनो, जरा याचं उत्तर द्या.

थेरीगाथेत एक पुण्णिका आहे. ती वेगळी, पण तीही दासीच. नदीवरून पाणी वाहणारी. थंडीत कुडकुडत पाप धुणाऱ्या बामणाला ती विचारते की अंघोळीनं पाप जात असेल तर बेडूक-कासवंही स्वर्गात जातील की! बामण निरुत्तर होतो आणि बुद्धाला शरण जातो. ही आमची बाई!

आज सुजाता आई झाली, आजी झाली. तिच्या नातीला आता असं नाव शोधतात की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. आडनावही गाळतात. भाड्याची खोली मिळत नाही, ऑफिसात कुजबूज होते, हे मला ठाऊक आहे. पण मनूच्या भीतीनं ठेवलेलं नाव कितीही गोड असलं तरी ते मनूनंच ठेवलेलं असतं.

तेव्हा सुजाता ठेवा, बेलाशक ठेवा. पण तिला चुलीपुढून उठवून मंचावर बसवा. आणि पुढची पोर झाली तर तिचं नाव पुन्ना ठेवा. कुणी विचारलं हे कसलं नाव, तर सांगा. दासीचं नाव आहे, जिनं बुद्धाला सुजाताच्या आधी पाहिलं.

जय भीम.