सिमेंट-पोलादाचा न लिहिलेला हिशेब

सरकारी बांधकामावर सळईचा ट्रक उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर कारखान्याचे चाचणी-प्रमाणपत्र यावे लागते. काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून पाहिले जातात आणि ते कितपत टिकले याचे आकडे नोंदवहीत चढतात. किती काम झाले ते मोजमाप पुस्तिकेत लिहिले जाते. त्यावाचून कंत्राटदाराचे बिल निघत नाही. शासन मालाची किंमत विचारते, ताकद विचारते, वजन विचारते. हा माल तयार होताना किती कर्बवायू हवेत सोडला गेला, हा एकच प्रश्न त्याच्या कागदपत्रांत कोठे नाही. तो प्रत्येक निविदेत सक्तीने विचारला जावा, ही मागणी समाजवादी चळवळीने आपली मानली पाहिजे. सुखवस्तू पर्यावरणप्रेमींची हौस म्हणून ती बाजूला सारण्याचा कल आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे.

जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात ते आठ टक्के वायू एकट्या सिमेंट उद्योगातून बाहेर पडतो. चुनखडी भाजून क्लिंकर करताना जो वायू सुटतो त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून खुद्द दगडात कोंडलेला असतो. भट्टीचा कोळसा उद्या बंद झाला तरी हा भाग कमी होणार नाही. क्लिंकरच कमी वापरावे लागेल. सिमेंट आणि पोलाद या दोहोंच्या उत्पादनात भारताचा क्रमांक जगात दुसरा आहे, आणि रस्ते, पूल, धरणे, मेट्रो, घरकुले यांच्या रूपाने या मालाचा फार मोठा ग्राहक सरकार हेच आहे. जनतेच्या पैशाने खरेदी करणाऱ्याने विक्रेत्याला प्रश्न विचारू नये, असे कोणत्या अर्थशास्त्रात सांगितले आहे?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१७ मध्ये यासंबंधी कायदा केला. बांधकामाचे पोलाद, काँक्रीटमधील सळई, सपाट काच आणि खनिज लोकरीचे उष्णतारोधक तक्ते या चार वस्तू राज्याच्या कामांना पुरवणाऱ्याने त्या त्या कारखान्याचे पर्यावरणीय घोषणापत्र दिले पाहिजे, असा त्याचा गाभा. पुढे उद्योगाची सरासरी पाहून कमाल मर्यादा ठरविण्यात आल्या; सळईसाठी ती सुरुवातीला टनामागे ०.८९ टन अशी होती. १ जुलै २०२२ पासून मर्यादेबाहेरचा माल चालत नाही. या कायद्यामागे पर्यावरणवाद्यांबरोबर पोलाद कामगारांच्या संघटना उभ्या होत्या, ही गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाचा २०१३ साली खुला झालेला पूर्वेकडील भाग शांघायमध्ये घडवलेल्या पोलादाचा आहे. कोळशावर तयार झालेला माल समुद्रापलीकडून आणायचा आणि घरच्या, तुलनेने स्वच्छ भट्ट्यांवरील कामगारांनी हातावर हात ठेवून बसायचे, यात स्वस्ताई कसली, हा कामगारांचा सवाल होता. रोजगाराचा आणि हवेचा प्रश्न येथे एकाच कागदावर आला.

मात्र त्या कायद्याचेही गोडवे गाण्याचे कारण नाही. सर्वांत मोठा अपराधी जे सिमेंट, तेच त्याच्या यादीत नाही. सिमेंटसाठी त्या राज्याला २०२१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. केंद्रीय पातळीवर अध्यक्ष बायडेन यांनी डिसेंबर २०२१ मध्ये असेच धोरण आदेशाने आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी तो आदेश एका सहीने रद्द केला. कॅलिफोर्नियाची तरतूद विधिमंडळाने केलेली होती, म्हणून ती अशा सहीने पुसली गेली नाही. शासन-निर्णयांच्या ढिगावर समाधान मानणाऱ्या महाराष्ट्राने हा फरक नीट पाहावा.

आपल्याकडे काय आहे? केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलादा’ची व्याख्या जाहीर केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी वायू सोडला की माल हरित, आणि १.६ टनांच्या खाली गेला की पाच तारे. जगाची सरासरी सुमारे १.९ टन सांगितली जाते. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरीही जेथे जगाची सरासरी संपते त्याच्या वर आपली हिरवळ सुरू व्हावी, हे मोठे उदार मोजमाप झाले. चुनखडीबरोबर भाजलेली चिकणमाती वापरून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या सिमेंटला २०२३ मध्ये भारतीय मानक मिळाले. या संशोधनात स्वित्झर्लंड आणि क्यूबा यांच्याबरोबर आपल्या आय.आय.टी.ही होत्या. पण मानक मिळाले म्हणून माल साइटवर पोहोचत नाही. दरसूचीत ज्याचे नाव नाही ते अंदाजपत्रकात घालण्याचे धाडस कार्यकारी अभियंता सहसा करत नाही, आणि सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची सवय इतकी मुरली आहे की दराखेरीज दुसरा आकडा वाचण्याची कोणाला गरजच वाटत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे यावे. जालन्यात भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. भंगारापासून केलेले पोलाद लोहखनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा स्वभावतः कमी वायूचे असते. पण या भट्ट्यांची वीज बव्हंशी कोळशाची, आणि भंगाराबरोबर स्पंज लोखंड किती मिसळले यावर सारा हिशेब बदलतो. म्हणजे या भट्ट्यांना आपली बाजू मांडण्यासारखी आहे, परंतु ती मांडण्यासाठी लागणारा सल्लागार, लेखापरीक्षक आणि प्रमाणपत्र यांचा खर्च त्यांना जड जाईल. मोठ्या पोलाद कंपनीला तो खर्च कळणारही नाही. उद्या प्रकटीकरणाची अट नुसतीच निविदेत घातली तर कागद ज्याच्याकडे असेल तो स्वच्छ ठरेल, कागद नसलेला मळका ठरेल आणि भट्टीवरचा परप्रांतीय मजूर घरी जाईल. पर्यावरणाच्या नावाने मक्तेदारी बळकट करण्याचा याहून सोपा मार्ग नाही. जे कार्यकर्ते या मागणीकडे संशयाने पाहतात त्यांचा संशय येथे रास्त आहे.

त्यावर उपाय मागणी सोडून देण्याचा नव्हे. मोजणीचा खर्च शासनाने उचलावा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतून काँक्रीटचे ठोकळे आजही तपासले जातात. त्यांच्याकडे औद्योगिक वसाहतीनुसार ही मोजणी सोपवता येईल. छोट्या कारखान्यांना पहिली दोन-तीन वर्षे केवळ आकडा द्यावा लागेल, त्या आकड्यावरून कोणी बाद होणार नाही. मोठ्यांना ही सवलत नको. आकडा कारखान्याचा हवा, कंपनीच्या देशभरच्या सरासरीचा नको. कारण सरासरीच्या पदराआड जुनाट भट्टी खुशाल झाकता येते.

आणि तो आकडा लोकांसमोर यावा. व्यापारी गुपित म्हणून माहिती अधिकाराच्या कायद्यातील पळवाट येथे वापरली जाईल, हे आजच दिसते आहे. म्हणून निविदेतच अशी अट हवी की, जो आकडा जाहीर करणार नाही त्याने सरकारला माल विकू नये. राजस्थानात डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना येथे जनसुनवाई झाली, त्या चळवळीने गावच्या कामांचे मस्टर आणि मालाची बिले लोकांपुढे वाचून दाखविली. माहितीचा अधिकार त्या वाचनातून वाढला. महाराष्ट्राला तर सिमेंटच्या हिशेबाचा स्वतःचा इतिहास आहे. समाजवादी कार्यकर्ते प. बा. सामंत आणि त्यांचे सहकारी सिमेंट वाटपाचा जाब विचारायला मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी १९८२ मधील निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांना पद सोडावे लागले. तेव्हा प्रश्न होता, सिमेंट कोणाला आणि कशाच्या बदल्यात दिले. आता तो असा की, त्या पोत्यापायी चंद्रपूरच्या माणसाच्या वाट्याला काय आले.

टनामागचा आकडा मिळाला तरी एक फसगत उरतेच. नको असलेला रस्ता पाच ताऱ्यांच्या पोलादाने बांधला तरी तो नकोच असतो. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापुरातील शेतकऱ्यांनी २०२४ मध्ये विरोध केला तो जमिनीसाठी. अशा प्रकल्पाच्या अहवालात एकूण सिमेंट किती, पोलाद किती आणि त्यांचा मिळून वायू किती, ही बेरीज पहिल्या पानावर छापणे बंधनकारक असते, तर जमीन जाणाऱ्यांच्या बाजूने आणखी एक साक्ष उभी राहिली असती. तेव्हा मागणी दुहेरी हवी: मालाच्या प्रमाणपत्रावर टनामागचा आकडा आणि प्रशासकीय मान्यतेपूर्वी संपूर्ण कामाची बेरीज.

सुरुवात जिल्हा परिषदेच्या कामांपासून करता येईल. शाळाखोल्या, आरोग्य उपकेंद्रे, लहान पूल यांची अंदाजपत्रके साधी असतात, सळई आणि सिमेंटची परिमाणे त्यांत लिहिलेलीच असतात आणि कार्यकर्त्याला ती मिळवता येतात. त्यांची प्रत काढून अभियंत्याला विचारावे की, चाचणी-प्रमाणपत्रावर हा एक रकाना वाढवायला कोणाची परवानगी लागते.