नदीचे मोजमाप व गावाची राखण

शेताला पाणी मिळाले की नाही, हे शेतकऱ्यास त्याच दिवशी कळते. मिळालेले पाणी कसे होते, हे कळावयास मात्र कित्येक हंगाम जावे लागतात. जमीन चोपण होऊ लागते, विहिरीच्या पाण्याची चव पालटते, डोहातील मासे नाहीसे होतात, आणि मग 'पूर्वी असे नव्हते' एवढेच आपण म्हणतो. पूर्वी नेमके कसे होते, ह्याची नोंद कोणाजवळ नसते. अशी नोंद ठेवणे, त्यासाठी देशभर एकच माप ठरविणे व त्या मापाप्रमाणे राज्यांकडून काम करून घेणे, ह्याकरिता आपल्या देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ ही संस्था आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा ह्या मंडळाशी संबंध काय, मंडळाचे कार्य कोठवर पोचते व आपले कोठून सुरू होते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

राष्ट्रीय मंडळाची आवश्यकता

तापी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते, बऱ्हाणपुरावरून खानदेशात येते व पुढे गुजरातेत उकाई धरणातून सुरतेजवळ समुद्रास मिळते. गिरणा नाशिक जिल्ह्यातून येते. मालेगावास तिला मोसम मिळते, त्यापुढे गिरणा धरण लागते, आणि त्या धरणाच्या पाण्यावर जळगाव जिल्ह्यातील शेते भिजतात. म्हणजे आपल्याकडे येणारे पाणी वर कोणी तरी वापरलेले असते, आणि आपण सोडलेले पाणी खाली कोणी तरी वापरणार असते. अशा पाण्याची जबाबदारी एकट्या गावावर, एकट्या जिल्ह्यावर, किंबहुना एकट्या राज्यावरही टाकता येत नाही.

ह्या कामी महाराष्ट्राने लवकर पाऊल उचलले. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ साली झाला व १९७० साली राज्याचे मंडळ स्थापन झाले. त्यानंतर संसदेने १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा केला व त्याच वर्षी केंद्रीय मंडळ अस्तित्वात आले. महाराष्ट्राने हा केंद्रीय कायदा १९८१ साली स्वीकारला. त्याच साली हवेच्या प्रदूषणाचा कायदा झाला, व भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा आला.

दोन मंडळांच्या कामांतील भेद कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. केंद्रीय मंडळ मापे ठरविते, देशभरातील पाणी व हवा ह्यांच्या तपासणीची माहिती एकत्र करते, केंद्र सरकारास सल्ला देते, आणि राज्य मंडळांत मेळ घालून त्यांच्यातील वाद मिटविते. जरूर पडल्यास ते राज्य मंडळांना आदेशही देऊ शकते. कारखान्यास संमतीपत्र देणे, सांडपाण्याचे नमुने घेणे, अटी मोडणाऱ्यावर कारवाई करणे, हे दैनंदिन काम राज्य मंडळाचे. तेव्हा नाल्याला काळे पाणी आले असता दिल्लीस अर्ज धाडून वाट पाहत बसणे व्यर्थ होय. पहिला अर्ज राज्य मंडळाच्या जिल्ह्यातील कार्यालयाकडेच गेला पाहिजे.

ओलिताचे पाणी आणि पिण्याचे पाणी

केंद्रीय मंडळाने उपयोगानुसार पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गाचे पाणी केवळ निर्जंतुक करून पिता येते. दुसरा वर्ग स्नानाचा. तिसरा वर्ग रीतसर शुद्धीकरण करून पिण्याचा. चौथा मासे व वन्य प्राणी ह्यांचा. पाचवा व शेवटचा वर्ग ओलिताचा. ह्या शेवटच्या वर्गासाठी मुख्यतः क्षार पाहिले जातात. पाण्याची विद्युत्‌वाहकता सेंटिमीटरला २२५० मायक्रोम्होपेक्षा अधिक नसावी, सोडियमचे गुणोत्तर २६ च्या आत असावे व बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आत असावे, असे हे माप आहे.

ह्यातून दोन गोष्टी शेतकऱ्याने ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी की, हे माप साऱ्या देशासाठी आहे. खानदेशच्या काळ्या, भारी जमिनीसाठी मुद्दाम केलेले नाही. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, निचरा खुंटतो व जमीन चोपण बनते. भारी जमिनीस ह्या मर्यादेच्या बऱ्याच आतले सोडियमही बाधते. म्हणून केळी अथवा ऊस लावण्यापूर्वी माती व पाणी दोन्हींची तपासणी करून घेणे हेच शहाणपणाचे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ओलिताच्या वर्गात मैलाजंतूंची मर्यादाच घातलेली नाही. 'पाणी ओलितास योग्य आहे' ह्याचा अर्थ 'ते पिण्यास योग्य आहे' असा मुळीच होत नाही. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा करून पाणी भरण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि अनेक गावांच्या विहिरी नदीकाठीच आहेत. शेताला चालणारे पाणी घराला चालेलच असे नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्याने गावास सांगितले पाहिजे.

यादीत आलेल्या आपल्या नद्या

पाण्यात मैला, मळी वा कारखान्यातील सेंद्रिय सांडपाणी मिसळले म्हणजे ते कुजविणारे जंतू पाण्यातील प्राणवायू खर्च करतात. ह्या प्राणवायूची मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक आढळली, की नदीचा तो पट्टा दूषित धरला जातो. मागणी ३० च्या वर गेली, तर तो पट्टा पहिल्या प्राधान्याचा ठरतो. ह्या कसोटीने केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ नदीपट्टे दूषित म्हणून दाखविले, व त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी ह्या आपल्या नद्यांची नावे त्या यादीत होती. २०२२ सालच्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला. महाराष्ट्राचा मात्र ५५ वर चढला, आणि तो सर्व राज्यांत अधिक होता.

अशी यादी प्रसिद्ध झाली की कोणी तिला कागदी खेळ म्हणून हसतो, तर कोणी जिल्ह्याची बदनामी झाली म्हणून रागावतो. आमच्या मते ह्या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. यादी हे तालुक्याच्या पीक-पाहणीसारखे साधन आहे. पाहणीने पीक वाढत नाही, परंतु पाहणीवाचून नुकसानीचा दावाही मांडता येत नाही. 'आमची नदी बिघडली आहे' असे म्हणणाऱ्या गावाच्या बाजूने आता राष्ट्रीय मंडळाची लेखी साक्ष उभी आहे. तिचा उपयोग करणे आपल्या हाती आहे.

मात्र ह्या साक्षीच्या उणिवाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. नमुने ठरलेल्या मोजक्या ठिकाणी व ठरलेल्या वेळी घेतले जातात. दोन ठिकाणांच्या मधल्या नाल्यातून मध्यरात्री सोडलेले पाणी सकाळी पुढे निघून गेलेले असते, व त्याची नोंद होत नाही. शिवाय तपासणीचे आकडे अहवालात छापले जातात. ज्या गावची माणसे व गुरे ते पाणी पितात, त्या गावाच्या चावडीपर्यंत ते क्वचितच येतात. आमची सूचना अशी की, प्रत्येक तपासणी-ठिकाणाच्या खालच्या गावांच्या ग्रामपंचायतींस निष्कर्ष सोप्या मराठीत कळविण्याची रीत केंद्रीय मंडळाने सर्व राज्यांस घालून द्यावी. बाजारभाव जसे फळ्यावर लिहिले जातात, तसे नदीचे पाणी कोणत्या वर्गाचे आहे हेही फळ्यावर लिहिले जावे. ह्यास खर्च थोडा व उपयोग मोठा.

आणखी एक अवघड गोष्ट आहे. कारखानदाराकडे बोट दाखविणे सोपे असते. परंतु नदीच्या प्राणवायूवर पडणारा भार पुष्कळदा आपल्याच शहरांच्या व मोठ्या गावांच्या गटारांचा असतो. येथे दोष देणारी संस्था सरकारी व दोषी ठरणारी संस्थाही सार्वजनिक, त्यामुळे पत्रापत्रीत वर्षे निघून जातात. राष्ट्रीय मंडळाची खरी कसोटी येथेच आहे. लहान उद्योगास जी मुदत दिली जाते, तीच नगरपालिकेसही दिली जावी व तितक्याच कसोशीने पाळून घेतली जावी. सांडपाणी शुद्ध करून शेतीस दिले तर त्यातील नत्र व स्फुरद जमिनीस उपयोगी पडतील. हेच पाणी शुद्धीकरणावाचून भाजीच्या मळ्यास दिले, तर रोग मात्र घरोघर वाटले जातील.

हवेविषयी थोडेसे

१९८१ च्या कायद्याने हवेचे कामही ह्याच मंडळाकडे आले. २००९ सालच्या मापानुसार हवेतील १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. ह्या मापात न बसलेल्या शहरांसाठी २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, व त्यात जळगाव शहराचा समावेश आहे. शेतकऱ्यास हा केवळ शहराचा प्रश्न वाटेल, परंतु तसे नाही. दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात कोळसा जळला म्हणजे राख उरतेच. कोणत्याही राखेचे तळे कोरडे राहिले व उन्हाळ्याचा वारा सुटला, की ती उडून पिकांच्या पानांवर बसते आणि पानाचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते. म्हणून तळे ओले ठेवणे व राख विटा, सिमेंट व रस्ते ह्यांसाठी वापरणे आवश्यक असते. सारी राख उपयोगात आणण्याचे बंधन २०२१ सालच्या अधिसूचनेने घातले आहे. त्याचे पालन होते की नाही, हे विचारण्याचा शेजारच्या गावास पूर्ण अधिकार आहे.

मात्र विचारणाऱ्याने आपले अंगणही पाहावे. गुलाबी बोंडअळीच्या भयाने पऱ्हाट्या शेतातून काढणे योग्यच. पण त्या बांधावर पेटविल्याने धूर गावात येतो व जमिनीचे खत जळून जाते. यंत्राने बारीक करून त्यांचे कंपोस्ट करावे. फवारणीचा पंप नाल्यात धुणे व औषधांच्या रिकाम्या बाटल्या विहिरीच्या काठी टाकणे, हे तर कारखान्याच्या सांडपाण्याहून कमी दोषाचे नाही. नत्रखताच्या अतिरेकाने विहिरीतील नायट्रेट वाढते, व ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलेले पाणी तान्ह्या मुलास घातक ठरू शकते.

गावाने काय करावे?

पांझरेच्या काठी कित्येक शतके फड पद्धती चालली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत येई, पाटकरी पाण्याची पाळी राखी, जागल्या पिकाची राखण करी, आणि पाळी मोडणाऱ्यास पंच जाब विचारीत. पाण्यावर नियमाने राज्य करण्याची ही परंपरा खानदेशास नवी नाही. फडाच्या पंचांना पाण्याचा वाटा ठरवावा लागे; आजच्या पंचांना पाण्याचा गुणही राखावयाचा आहे, एवढाच भेद.

ह्यासाठी ग्रामपंचायतीने नदीची एक वही ठेवावी. पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे ह्यांची नोंद तारीख, वेळ व ठिकाण ह्यांसह करावी व शक्य तर छायाचित्र काढावे. 'नेहमी घाण पाणी येते' असा मोघम अर्ज कोणासही हलवीत नाही. 'अमुक तारखेस पहाटे पाच वाजता अमुक मोरीखालून तांबूस पाणी आले' ह्या अर्जास उत्तर देणे भाग पडते. गावकऱ्याने बाटलीत भरून नेलेले पाणी सूचना म्हणून उपयोगी असले, तरी खटल्यात पुरावा म्हणून ते टिकत नाही. कायद्याप्रमाणे नमुना अधिकाऱ्याने, संबंधितास नोटीस देऊन, विहित रीतीने सीलबंद करून घ्यावा लागतो. म्हणून पाणी वाहत असतानाच मंडळाच्या कार्यालयास कळविणे महत्त्वाचे. तसेच कारखान्यास कोणत्या अटींवर संमती दिली, ह्याची नोंदवही राज्य मंडळाने ठेवावयाची असते व हितसंबंधी माणसास ती पाहता येते. ती पाहून मगच ग्रामसभेत ठराव करावा.

कारखाने बंद पडावेत, असा ह्या लेखनाचा हेतू नाही. डाळ-गिरण्या, सरकी व तेलाचे कारखाने, साखर कारखाने हेच आपल्या मालाचे गिऱ्हाईक आहेत. गिऱ्हाइकाने माल विकत घ्यावा, पण विहीर नासवू नये, इतकीच न्याय्य मागणी आहे.

शेतकरी बंधूंनो, राष्ट्रीय मंडळ नदी मोजू शकते. ते प्रत्येक नाल्यावर पहारेकरी बसवू शकत नाही. माप त्याने द्यावे, कारवाई राज्य मंडळाने करावी व राखण आपण करावी. ह्या तिघांपैकी एकानेही आपली पाळी चुकविली, तर पाणी शेतापर्यंत येईल, परंतु ते जमिनीच्या व मुलाबाळांच्या कामाचे राहणार नाही. येत्या ग्रामसभेत नदीची वही सुरू करण्याचा ठराव मांडावा, अशी सर्व कार्यकर्त्यांस आग्रहाची विनंती आहे.